प्रथिनांच्या वळणांचा नकाशा

जीवरसायनशास्त्राचे कोणतेही प्रमाण पाठ्यपुस्तक उघडले की सुरुवातीच्या प्रकरणांतच एक चौरस आकृती भेटते. तिच्या आडव्या आणि उभ्या कडांवर उणे १८० ते अधिक १८० अंशांची मोजपट्टी असते. आत दोन-तीन ठिकाणी बेटांसारखे आकार असतात आणि बाकीचा चौरस मोकळाच असतो. रामचंद्रन आलेख या नावाने ही आकृती जगभर ओळखली जाते. एखाद्या प्रथिनाची नवी रचना कोणी उलगडली, तर या आलेखाच्या कसोटीला उतरल्याखेरीज तिच्यावर सहसा विश्वास ठेवला जात नाही. १९६३ साली मद्रासमध्ये तयार झालेला हा आलेख साठ वर्षे उलटून गेली तरी कालबाह्य झालेला नाही. विज्ञानात असे भाग्य फार थोड्या आकृत्यांच्या वाट्याला येते.

ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्या गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी तेव्हाच्या कोचीन संस्थानातील एर्नाकुलम येथे झाला. (रामचंद्रन हे आडनाव नव्हे. दाक्षिणात्य रिवाजानुसार मूळ गावाचे नाव आधी, मग वडिलांचे आणि शेवटी स्वतःचे.) वडील नारायण अय्यर एर्नाकुलमच्या महाराजा महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, पुढे तेथेच प्राचार्य झाले. गणित या मुलाला घरातच मिळाले आणि ते आयुष्यभर साथीला राहिले. स्फटिक, प्रथिने, क्ष-किरण चित्रण, तर्कशास्त्र अशा परस्परांपासून दूर भासणाऱ्या विषयांत रामचंद्रन यांनी काम केले. पण प्रत्येक ठिकाणी त्यांच्या हातातले हत्यार भूमितीचे किंवा बीजगणिताचेच होते.

तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. मुलाने रेल्वेच्या अभियांत्रिकी सेवेत जावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी दिल्लीला पाठवलेल्या मुलाने जाणूनबुजून अपयश पदरात पाडून घेतले, असे सांगतात. १९४२ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाले. तेथे भौतिकशास्त्र विभागाची धुरा सर सी. व्ही. रामन यांच्याकडे होती. या विद्यार्थ्याची जात ओळखायला रामन यांना वेळ लागला नाही. त्यांनी त्याला अभियांत्रिकीच्या विभागाकडून चक्क मागून घेतले. १९४४ साली एम.एस्सी. आणि १९४७ साली डी.एस्सी. अशा दोन पदव्या रामचंद्रन यांनी रामन यांच्या हाताखाली मिळवल्या. याच काळात, १९४५ साली, राजलक्ष्मी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढची दोन वर्षे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेली. क्ष-किरण स्फटिकशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक लॉरेन्स ब्रॅग तेव्हा तेथील प्रमुख होते. रामचंद्रन यांचा स्वतःचा विषय स्फटिकांच्या लवचिकतेचा होता व त्यावर १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पण त्याच इमारतीत मॅक्स पेरुत्झ हिमोग्लोबिनशी झुंजत होते आणि जॉन केंड्र्यू मायोग्लोबिनच्या मागे लागले होते. रासायनिक बंधांचे जाणकार लायनस पाउलिंग यांची व्याख्यानेही रामचंद्रन यांनी केंब्रिजमध्ये ऐकली. प्रथिनांच्या रचनेचा प्रश्न किती मोठा आहे आणि तो किती चिवट आहे, हे त्यांना तेथे जवळून दिसले.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीस प्रकारचे. ते कोणत्या क्रमाने ओवायचे हे जनुके ठरवतात. परंतु माळ ओवली म्हणजे काम झाले असे नाही. ती स्वतःभोवती वळते, दुमडते आणि तिला जो आकार येतो त्यावर तिचे कार्य ठरते. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते, पचनरसांतील विकरे अन्नाचे विघटन करतात, प्रतिपिंडे रोगजंतूंना ओळखून धरतात, स्नायूंतील ॲक्टिन आणि मायोसिन एकमेकांवरून सरकून हालचाल घडवतात. मण्यांचा क्रम कायम राहिला आणि आकार मोडला, तर कार्य थांबते. उकडलेल्या अंड्यातील पांढरा भाग पुन्हा पातळ होत नाही, त्याचे कारण हेच. म्हणून माळेचा आकार शोधणे म्हणजे जीवनव्यापाराचे यंत्र उघडून पाहण्यासारखे होते. अडचण एवढीच की हा आकार कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून दिसत नसे. प्रथिनावर क्ष-किरण सोडायचे, ते विखुरल्यावर फिल्मवर उमटणारे ठिपके मोजायचे आणि त्यांवरून अणूंच्या जागांचा उलट हिशेब मांडायचा, एवढाच मार्ग होता.

१९४९ मध्ये रामचंद्रन बंगळूरला परतले. तीनच वर्षांनी मद्रास विद्यापीठाने भौतिकशास्त्राचा नवा विभाग काढायचे ठरवले. प्राध्यापकपदासाठी कुलगुरू ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी प्रथम रामन यांना विचारले. रामन यांनी नकार दिला आणि आपल्या शिष्याचे नाव सुचवले. अशा रीतीने १९५२ साली, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, रामचंद्रन एका विभागाचे प्रमुख झाले. मुदलियार यांचा पाठिंबा होता, पण कॅव्हेंडिशसारखी साधनसामग्री कोठून येणार? अशा ठिकाणी कोणता प्रश्न हाती घ्यावा, हे ठरवणे हाच पहिला प्रश्न होता.

उत्तर एका पाहुण्याकडून मिळाले. ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असता, कोलॅजनची रचना अद्याप कोणालाही नीट उलगडलेली नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. कोलॅजन हे नाव हल्ली सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींमुळे घराघरांत पोहोचले आहे. पण त्वचेचे तेज हे त्याचे फार किरकोळ काम. हाडे, कूर्चा, कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, कातडी या साऱ्यांना बळकटी देणारे प्रथिन ते हेच. माणसाच्या शरीरातील एकूण प्रथिनांत त्याचा वाटा सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असतो. पाउलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी १९५१ साली प्रथिनांतील सुप्रसिद्ध अल्फा सर्पिल शोधून काढले, त्याच सुमारास कोलॅजनसाठीही एक रचना सुचवली होती. ती मात्र टिकली नाही.

मद्रास विद्यापीठाच्या गिंडी परिसराला लागूनच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. कातडे म्हणजे बहुतांशी कोलॅजनच, तेव्हा याहून सोयीचा शेजार कोणता असणार! तेथून रामचंद्रन यांना कोलॅजनचे नमुने मिळाले. त्यांतले सर्वांत उत्तम चित्र दिले ते कांगारूच्या शेपटीतील कंडरेने. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी या चित्रांचा आणि कोलॅजनच्या रासायनिक घटकांचा एकत्र विचार सुरू केला. कोलॅजनमधील जवळजवळ दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते, हे प्रमाण त्यांच्या नजरेत भरले. ग्लायसिन हे वीसांतले सर्वांत लहान. त्याची बाजूची शाखा म्हणजे हायड्रोजनचा केवळ एक अणू. नेमके तेच एवढ्या मोठ्या प्रमाणात का असावे? याचे उत्तर रामचंद्रन यांनी जागेच्या हिशेबात शोधले. तीन साखळ्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, तर त्यांच्या मधल्या गाभ्यात मोठ्या अमिनो आम्लाला शिरायला वाव नसतो. प्रत्येक साखळीचा दर तिसरा मणी आतल्या बाजूला येतो आणि तेथे ग्लायसिनच मावू शकते.

ऑगस्ट १९५४ मध्ये त्यांची तीन साखळ्यांची रचना नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सप्टेंबर १९५५ मध्ये त्यांनी तीत सुधारणा केली. आधीच्या रचनेत तिन्ही साखळ्या सरळ, समांतर होत्या. आता त्या एकमेकींभोवती पीळ घेऊ लागल्या. दोर वळताना पाहिलेल्या माणसाला ही रचना चटकन समजेल. प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यायचा आणि तीन पेड एकत्र करताना उलट दिशेने, म्हणजे दोर उलगडत नाही. कोलॅजनची प्रत्येक साखळी डावीकडे वळते आणि तिघींचा मिळून होणारा दोर उजवीकडे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोलॅजनचा सुंभ मात्र पाण्यात उकळला की पीळ सोडून देतो आणि त्याचे जिलेटिन होते. जेली थरथरते ती या सुटलेल्या पेडांच्या बळावर.

या रचनेचे मोल पुढच्या काळात वैद्यकानेही अनुभवले. क जीवनसत्त्व नसेल तर कोलॅजनमधील प्रोलिनचे हायड्रॉक्सिप्रोलिनमध्ये रूपांतर होत नाही, दोर कच्चा राहतो आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागते. दर्यावर्दी ज्याने मरत तो स्कर्व्ही हाच. जनुकातील दोषामुळे एखाद्या ठिकाणी ग्लायसिनऐवजी मोठे अमिनो आम्ल आले, तर पीळ तेथे नीट बसत नाही. जरा धक्का लागताच हाडे मोडण्याचा जन्मजात आजार अनेकदा अशाच एका मण्याच्या चुकीतून उद्भवतो. गाभ्यात फक्त ग्लायसिनच मावते, हे रामचंद्रन यांचे अनुमान किती काटेकोर होते, त्याचा हा दुर्दैवी पुरावा म्हणावा लागेल.

परंतु १९५५ साली कौतुकाऐवजी वाद वाट्याला आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी नेचरमध्येच कोलॅजनची आपली रचना मांडली. हे क्रिक म्हणजे दोनच वर्षांपूर्वी जेम्स वॉटसन यांच्यासह डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारे. तीन साखळ्यांचा पिळलेला दोर ही कल्पना त्यांनी स्वीकारली होती. आक्षेप तपशिलावर होता. रामचंद्रन व कर्था यांच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत, निसर्गात इतकी गर्दी संभवत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय दर तीन अमिनो आम्लांमागे साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध दोन की एक, हाही वादाचा मुद्दा होता. रामचंद्रन दोन म्हणत, रिच आणि क्रिक एक.

हा घाव रामचंद्रन यांना लागला. एका बाजूला केंब्रिजचा दबदबा, दुसऱ्या बाजूला मद्रासचा तीन वर्षांचा विभाग. या धुरळ्यात मूळ कल्पना आधी कोणी मांडली, हे काही काळ झाकोळले गेले. निवाडा करायचाच तर तो दोन्ही बाजूंना थोडा थोडा द्यावा लागतो. तिहेरी पिळाची कल्पना निःसंशय मद्रासची. बंधांच्या संख्येबाबत मात्र केंब्रिजचे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ होते. १९९४ साली कोलॅजनसारख्या एका छोट्या रेणूचा स्फटिक तपासला गेला, तेव्हा थेट बंध एकच आढळला आणि साखळ्यांना जोडणारे इतर दुवे पाण्याच्या रेणूंमार्फत साधलेले दिसले.

टीकेला उत्तर देण्याचे मार्ग अनेक असतात. रामचंद्रन यांनी आक्षेपालाच प्रश्नाचे रूप दिले. अणू फार जवळ आले असे म्हणायचे, तर जवळ म्हणजे नेमके किती? दोन अणू एकमेकांशी बांधलेले नसताना किती अंतरापर्यंत येऊ शकतात, याचे सर्वमान्य कोष्टक तेव्हा उपलब्ध नव्हते. रामचंद्रन आणि त्यांचे विद्यार्थी व्ही. शशिशेखरन यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या अमिनो आम्लांच्या व तत्सम संयुगांच्या स्फटिकरचना चाळून प्रत्येक अणुजोडीसाठी अशी अंतरे निश्चित केली. एक नेहमीची मर्यादा आणि एक टोकाची, क्वचितच ओलांडली जाणारी.

आता खरा प्रश्न आला. प्रथिनाच्या साखळीतील प्रत्येक पेप्टाइड बंध आणि त्याच्या लगतचे अणू एका सपाट, ताठ पत्र्यासारखे असतात, हे पाउलिंग यांच्या गटाने दाखवले होते. असे पत्रे कोपऱ्याला कोपरा लावून जोडले, की साखळी तयार होते. प्रत्येक जोडाच्या ठिकाणी कार्बनचा एक अणू आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पत्रे आपापल्या बंधाभोवती फिरण्यास मोकळे. या दोन फिरण्यांच्या कोनांना फाय आणि साय ही ग्रीक अक्षरांची नावे आहेत. प्रत्येक जोडाशी हे दोन कोन किती, एवढे कळले की साखळीच्या पाठकण्याचे सारे वळण कळते. अवाढव्य प्रथिनाचा गुंता केवळ दोन कोनांच्या भाषेत आणणे, ही या कामातली सर्वांत मोठी झेप होती. आज ती इतकी सरळ वाटते की तिचे महत्त्व चटकन जाणवत नाही.

कागदावर दोन्ही कोन पूर्ण वर्तुळभर फिरू शकतात. प्रत्यक्षात मात्र कोपर जसे एका मर्यादेपुढे वळत नाही, तसेच येथेही होते. बहुतेक कोनांना शेजारचे अणू एकमेकांवर आदळतात. सी. रामकृष्णन या विद्यार्थ्याने कोनांच्या एकेका जोडीसाठी सर्व अणूंमधील अंतरे मोजायला घेतली. विभागात संगणक नव्हता. टेबलावर ठेवायच्या गणनयंत्रावर आकडे फिरवत हे काम पार पडले. त्यातून जो नकाशा निघाला, त्यात एक चतुर्थांशाहूनही कमी भाग मोकळा होता. पाउलिंग यांचे अल्फा सर्पिल एका बेटावर, बीटा चादर आणि कोलॅजन दुसऱ्या बेटावर, असे सारे ज्ञात आकार त्या थोडक्या जागेत जाऊन बसले. फक्त चिमुकल्या ग्लायसिनला त्याहून बरीच मोकळीक होती.

रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांचा हा लेख १९६३ साली जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजीमध्ये प्रसिद्ध झाला. लेख अवघ्या पाच पानांचा. तोवर अणूंच्या पातळीपर्यंत उलगडलेले प्रथिन म्हणजे केंड्र्यू यांचे मायोग्लोबिन. त्यातील कोन आलेखावर मांडले गेले तेव्हा बहुतेक सारे मोकळ्या बेटांतच पडले. प्रथिनाला मुक्त दिसणारी वळणे प्रत्यक्षात किती बांधलेली आहेत, हे एकही प्रथिन स्फटिकरूपात हाती नसताना केवळ जागेच्या हिशेबाने मद्रासमध्ये सांगितले गेले होते.

पुढे प्रथिनांच्या रचना शेकड्यांनी, मग हजारांनी उलगडू लागल्या आणि आलेखाला दुसरे काम मिळाले. नव्या रचनेतील बरेच कोन वर्ज्य भागात दिसले, तर चूक निसर्गाची नसून संशोधकाची असण्याची शक्यता अधिक. १९७१ साली सुरू झालेल्या प्रोटीन डेटा बँक या जागतिक संग्रहात आता दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्यांच्या तपासणी अहवालात रामचंद्रन आलेखाचा निकष असतो. केवळ मण्यांच्या क्रमावरून आकार वर्तवणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीच्या कर्त्यांना, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना, २०२४ साली रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. यंत्राने वर्तवलेले आकारही याच चौरसात तपासून पाहिले जातात.

मद्रासचा तो विभाग या कामामुळे जागतिक नकाशावर आला. १९६३ आणि १९६७ साली तेथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिसंवादांना देशोदेशींचे संशोधक आले. कर्था पुढे अमेरिकेत गेले आणि १९६७ साली रायबोन्यूक्लिएज या विकराची रचना उलगडणाऱ्या गटात त्यांचा प्रमुख वाटा होता. परंतु १९६९ मध्ये मुदलियार कुलगुरुपदावरून पायउतार झाले आणि पाठीवरचा हात गेला. वर्षभरातच रामचंद्रन यांनीही मद्रास सोडले. शिकागो विद्यापीठात काही काळ घालवत असतानाच त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेणवीय जैवभौतिकी विभाग उभारला. १९७१ साली सुरू झालेला हा विभाग आजही प्रथिनांच्या अभ्यासाचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे.

त्याच १९७१ साली त्यांनी आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी आणखी एक लेख लिहिला. निरनिराळ्या दिशांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून वस्तूच्या आतील छेद कसा उभा करायचा, याची एक सुटसुटीत आणि वेगवान गणिती रीत त्यात होती. सीटी स्कॅनचे यंत्र रुग्णालयांत येऊ घातले होते तो हा काळ. या जातीच्या रीती त्या यंत्रांच्या हिशेबाचा पाया ठरल्या. यंत्राबद्दलचे नोबेल १९७९ साली गॉडफ्रे हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना मिळाले. रामचंद्रन यांना नोबेल का नाही, ही चर्चा आपल्याकडे अधूनमधून निघते. ती समजण्यासारखी असली तरी तिच्या नादात मूळ काम समजून घ्यायचे राहून जाते, हे तिचे नुकसान. १९६१ साली भटनागर पुरस्कार आणि १९७७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व हे सन्मान त्यांना लाभले होते.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी प्रथिनांचा विषय जवळजवळ बाजूला ठेवला आणि ते गणिती तत्त्वज्ञानाकडे वळले. जैन दर्शनातील स्याद्वादाने त्यांना आकर्षित केले होते. एखादे विधान खरे किंवा खोटे एवढेच असते का, की त्यापलीकडे अनिश्चिततेच्याही पायऱ्या असतात, याचा विचार त्यांनी सदिश आणि सारणींच्या साहाय्याने मांडला. सहकाऱ्यांपैकी फार थोडे या वाटेने त्यांच्यासोबत गेले. अभिजात संगीताची त्यांना गोडी होती आणि ते कविताही करत.

उतारवय सुखाचे गेले नाही. मानसिक अस्वास्थ्याने त्यांना छळले. नंतर कंपवात जडला. १९९८ साली राजलक्ष्मी गेल्या. त्रेपन्न वर्षांची ही साथ सुटल्यावर त्यांची प्रकृती अधिकच ढासळली. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने त्यांना इवाल्ड पारितोषिक जाहीर केले. स्फटिकशास्त्रातील हा अत्युच्च सन्मान. प्रशस्तीत कोलॅजन होते आणि फाय-सायचा नकाशाही होता. रमेश, विजया आणि हरी ही त्यांची तिन्ही अपत्ये तोवर विज्ञानाच्याच क्षेत्रांत नाव मिळवून होती. ७ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, चेन्नईत रामचंद्रन यांचे निधन झाले.